जोत्याचं वय: घाटमाथ्यावरच्या एका वाडीचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका पुरातत्त्वज्ञ बाईंचं आहे. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी आदिवासी वस्त्यांच्या अभ्यासात घालवली. त्यातल्या एका वाडीने त्यांच्याकडे एक दाखला मागितला. तो द्यायचा की नाही, दिला तर त्यात काय लिहायचं, याचा निर्णय जितका साधा वाटला होता तितका निघाला नाही. लेखात त्यांना नुसतं प्राध्यापिका म्हटलं आहे. वाडी, संस्था, कार्यकर्ते यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. फाइल, नकाशे, टिपणं त्यांनी मला वाचायला दिली. मतं मात्र माझी आहेत आणि ती सगळी त्यांना पटलेली नाहीत.

पार्श्वभूमी

पुण्यातलं पुरातत्त्व ज्या परंपरेत वाढलं, तिच्यात वस्ती म्हणजे नदीकाठचं पांढरीचं टेकाड. माणसं शतकानुशतकं एकाच जागी राहतात, घरं पडतात, राख-शेण-माती साचत जाते आणि थरावर थर चढतात. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव खणलं, ते असंच टेकाड. तिथे साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० एवढ्या काळातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या एकावर एक मिळाल्या. आधी माळवा संस्कृती, मग पूर्व जोर्वे (जोर्वे संस्कृतीचा सुरुवातीचा काळ), शेवटी उत्तर जोर्वे (तिचा नंतरचा काळ). सुरुवातीची घरं प्रशस्त, चौकोनी. शेवटच्या टप्प्यात हवामान कोरडं होत गेलं तसतशा छोट्या गोल झोपड्या. जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आपण आज जे बोलतो, त्यातलं बरंचसं या एका टेकाडातून आलेलं आहे.

प्राध्यापिका याच मुशीत तयार झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी भीमा-घोड खोऱ्यातली ताम्रपाषाणयुगीन घरं घेतली, आणि ती समजून घ्यायला त्या पश्चिमेकडे, घाटमाथ्याकडे गेल्या. तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची कुडाची घरं त्यांनी मोजली. खांब किती खोल पुरतात, चूल कुठल्या कोपऱ्यात येते, कणगीखाली दगड कसे मांडतात, याची रेखाटनं केली. ही पद्धतही पुण्यात जुनीच. आजच्या वस्तीकडे बघून कालच्या अवशेषांचा अर्थ लावायचा. राजस्थानातल्या आहाड संस्कृतीचा अभ्यास करताना मालती नागर यांनी १९६० च्या दशकात तिथल्या खेड्यांतल्या जगण्याची नोंद अशाच हेतूने केली होती. पद्धत उपयोगाची आहे, पण तिच्यात एक खोट आहे. ज्यांचं घर मोजलं त्यांचा इतिहास लिहिलाच जात नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या कुणाचं तरी घर समजावं म्हणून ते उदाहरणापुरते येतात आणि जातात.

प्राध्यापिकांना हे पुढे टोचू लागलं आणि नोकरी लागल्यावर त्यांनी विषयच फिरवला. घाटमाथ्यावरच्या सोडून दिलेल्या वाड्या, त्यांचा स्वतःचा इतिहास. विभागातल्या ज्येष्ठांना हे फारसं रुचलं नाही. "तिथे खणायला आहे काय?" हा प्रश्न त्यांनी अनेकदा ऐकला, आणि प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यापेक्षा घाटमाथ्यावर पाऊस कित्येक पटींनी जास्त. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर गवताचं छप्पर असं घर सोडलं की काही पावसाळ्यांतच जमीनदोस्त होतं. लाल आम्लधर्मी मातीत हाड टिकत नाही. उतारावर माती साचण्याऐवजी वाहून जाते, त्यामुळे टेकाड होतच नाही. उरतं काय? दगडी जोतं, कातळात कोरलेलं उखळ, फुटकं जातं, दाराशी लावलेला आंबा, बांध घातलेली खाचरं, गावाच्या वेशीवरचा वाघोबा आणि देवराई. हे सगळं जमिनीच्या वर असतं. खणायचं कमी आणि चालायचं जास्त, असं हे काम. दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या अशाच पायी हिंडले होते. धनगरांच्या वाटा, वाटेवरचे शेंदूर लावलेले दगड आणि आजूबाजूला पडलेली सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं, त्यांनी एकत्र पाहिली. पण कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते, पुरातत्त्व विभागात त्यांना बढती घ्यायची नव्हती.

अडचण

वाडी पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथ्यावरची. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. भात, नाचणी, वरई, आणि रोख पैसा म्हणजे हिरडा. पठाराच्या दुसऱ्या अंगाला गवळी धनगरांची थोडी घरं. दोघांचीही जमीन सरकारी कागदावर राखीव वन.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ आला, नियम २००८ मध्ये आले आणि २०१२ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. वाडीने दावे भरले. वैयक्तिक दावे कसत्या जमिनीसाठी, आणि एक सामूहिक दावा जंगलासाठी. तालुक्याच्या पातळीवरून तोंडी निरोप आला की पुरावा कमी पडतोय. मग वाडीतल्या कार्यकर्त्याला प्राध्यापिका आठवल्या. त्या इतकी वर्षं इथे येतात, मोठ्या संस्थेत आहेत, त्यांच्या लेटरहेडवर एक दाखला मिळाला तर काम होईल. ग्रामसभेतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी सरळच सांगितलं, "मॅडम, आमी हितं किती वर्साचं, त्ये लिवून द्या."

कार्यकर्त्याने मसुदाही आणला होता. त्यात वस्ती "किमान दोन हजार वर्षं जुनी" होती. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. पठाराच्या कडेला घाटवाट आहे आणि वाटेवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्नर भागातल्या घाटवाटांवर सातवाहनकाळापासून वाहतूक होती हे नाणेघाटाच्या शिलालेखामुळे कुणालाही माहीत आहे. शिवाय प्राध्यापिकांनीच आधीच्या एका लेखात पठारावर गारगोटीची सूक्ष्मास्त्रं सापडल्याचं लिहिलं होतं, आणि ती तर टाक्यांहूनही कितीतरी जुनी. म्हणजे त्यांच्याच लेखातला पुरावा त्यांच्यासमोर ठेवला होता.

इथे कायद्याची एक बारीक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं सगळं प्रकरण उलटं वाचलं जाईल. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. दोन हजार वर्षं सोडाच, शंभर वर्षंही कुणी मागितलेली नाहीत. महादेव कोळी अनुसूचित जमातीत येतात. गवळी धनगर येत नाहीत. ते "इतर पारंपरिक वननिवासी" ठरतात आणि त्यांना त्या तारखेच्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहून जंगलावर जगल्याचं दाखवावं लागतं. हिशेब केला तर १९३० च्या मागे जावं लागतं. म्हणजे ज्यांनी दाखला मागितला त्यांना वयाच्या पुराव्याची गरज नव्हती, आणि ज्यांना खरी गरज होती ती धनगर कुटुंबं त्या बैठकीत बसलेलीच नव्हती.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे मसुद्यावर सही करून मोकळं होणं. भावनेने त्या याच्या बाजूने होत्या. पण टाकी आणि जोती यांच्यात दुवा काय? घाटवाटेवर दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी पाणी पीत होते, यावरून आजच्या कोळी कुटुंबाचे पूर्वज तिथे होते असं ठरत नाही. नव्हते असंही ठरत नाही. सूक्ष्मास्त्रांचं तर त्याहून दूरचं. विरोधी बाजूने एक जाणकार माणूस आणला की हा दाखला तासाभरात कोसळेल आणि सोबत बाकीचे खरे पुरावेही संशयात ओढले जातील. दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. एका वाडीने दोन हजार वर्षांचा दाखला जोडला, की टाकं नसलेल्या शेजारच्या वाडीकडे साहेब तसलाच दाखला मागू लागतात. कायद्याने न मागितलेली अट दावेदाराच्या बाजूनेच तयार होते.

दुसरा मार्ग उत्खननाचा. काही जोती रीतसर खणायची, कोळसा गोळा करायचा, कर्ब-१४ कालमापन करून घ्यायचं. यात परवाना, निधी, हंगाम या नेहमीच्या अडचणी होत्याच. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा परवाना एका महिन्यात हातात पडत नाही. पण खरी अडचण कालमापनाची होती. साधारण १६५० नंतरच्या काळासाठी कर्ब-१४ जवळजवळ निरुपयोगी आहे. त्या शतकांत वातावरणातल्या कर्ब-१४ चं प्रमाण इतकं वरखाली झालं आहे की एकाच कोळशाचं वय सतराव्या शतकातलंही निघू शकतं आणि विसाव्यातलंही. १९३० च्या आधी की नंतर, हा प्रश्न त्या यंत्राला विचारण्यात अर्थ नाही. झाडांच्या वाढवलयांचाही विचार झाला. पुण्याच्या पाषाण भागातल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवर चांगलं काम झालेलं आहे, पण या माथ्यावर साग नाही. आंबा, जांभूळ, हिरडा यांच्या वलयांवर तसा भरवसा ठेवता येत नाही.

तिसरा मार्ग एका शासकीय अधिकाऱ्याने सदिच्छेने सुचवला: टाकी आणि परिसर संरक्षित स्मारक म्हणून जाहीर करून घ्या, मग जागेचं महत्त्व आपोआप सिद्ध होईल. प्राध्यापिकांनी हा मार्ग सर्वांत आधी बाद केला आणि ते बरोबरच केलं. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. वनखात्याच्या बंधनातून सुटू पाहणाऱ्या वाडीवर दुसऱ्या खात्याचं बंधन आणून बसवायचं, असा तो प्रकार झाला असता.

चौथा मार्ग, हे आमचं काम नव्हे म्हणून हात वर करण्याचा. विभागातला सल्ला हाच होता.

पाचवा मार्ग वनहक्काच्या नियमांतला नियम १३ वाचताना सुचला. या नियमात ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. तीत सरकारी दप्तर, नकाशे आहेत. पण त्यासोबत घरं, झोपड्या, जमिनीचं सपाटीकरण, बांध या भौतिक खुणा आहेत. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं अशा जुनेपणा दाखवणाऱ्या पारंपरिक रचना आहेत. वंशावळ आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आहेत. यातला एकच पुरावा पुरत नाही, एकाहून अधिक बघावे लागतात. पुरातत्त्वाच्या पृष्ठभाग सर्वेक्षणात जे नोंदतात, त्यातलं बरंचसं या यादीत आधीच बसलेलं होतं. तेव्हा प्राध्यापिकांनी वयाचा दाखला देण्याऐवजी वाडीसोबत वस्त्यांची नोंदवही करायची, आणि ती ग्रामसभेच्या मालकीची ठेवायची, असं ठरलं.

काय केलं

वाडीतल्या चार तरुणांना टेप, होकायंत्र आणि मोबाइलवरचं जीपीएस वापरायला शिकवलं. प्रत्येक जोत्याला क्रमांक दिला, लांबी-रुंदी, दगडांची घडण, चुलीची जागा, जवळचं उखळ, जवळचं झाड अशी नोंद. मग त्या जोत्यापाशी वडीलधाऱ्यांना बसवून, इथे कोण राहत होतं, उठून कुठे गेलं, का गेलं, हे विचारायचं. पूर्वेकडच्या टेकाडात जे थर उभे साचतात ते इथे आडवे पसरलेले निघाले. एकेक कुटुंब पठारावर तीन-तीन, चार-चार ठिकाणी राहून आलेलं. कधी साथ आली म्हणून, कधी पाणी आटलं म्हणून, कधी जंगल राखीव करताना हद्दीचे दगड रोवले गेले म्हणून. खाचरांची नोंद वेगळी केली. उतार फोडून भातखाचरं काढण्याचं पडकईचं काम सगळी वाडी मिळून करते, त्यामुळे कुठलं खाचर कुणाच्या वेळी पाडलं हे लोकांना पक्कं आठवतं. जमीन कसण्याचा यापेक्षा चांगला पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

नोंदवहीच्या प्रत्येक पानावर दोन रकाने ठेवले: "पाहिलेलं" आणि "ऐकलेलं". पंचाऐंशी वर्षांची आजी १९३० ची साक्षीदार असू शकत नाही. तिच्या बापाने तिला सांगितलं तेच ती सांगते. हे लपवण्यात अर्थ नव्हता. नोंदवही पुढे टिकली, त्यात या दोन रकान्यांचा वाटा मोठा आहे.

पहिला पेच आला धनगरांच्या वाडग्यांवरून. पठाराच्या त्या अंगाला दगडांची गोल-लांबट कुंपणं आहेत, गुरं कोंडायची. सर्वेक्षणात ती नकाशावर आली, आणि त्यातली काही कोळ्यांच्या सामूहिक दाव्याच्या हद्दीत पडली. वनहक्क समितीतल्या दोघा-तिघांचं म्हणणं की ती दाखवू नयेत. गवताच्या रानावरून दोन्ही बाजूंत जुना वाद होता. एकाने असंही सुचवलं की ते गोठे कोळ्यांचेच आहेत असं लिहावं. प्राध्यापिकांनी ठाम नकार दिला. जमिनीवर आहे ते नकाशावर येईल, नाहीतर नकाशावर प्राध्यापिकांचं नाव येणार नाही. महिनेच्या महिने काम थांबलं. तरुणांपैकी एकजण काम कायमचं सोडून गेला.

कोंडी फुटली ती नियमातल्या एका अटीमुळे, कुणाचं मन मोठं झालं म्हणून नव्हे. जबाब दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लागतात. धनगरांच्या बाजूने बोलायला कोळी म्हातारे हवेत, आणि कोळ्यांच्या बाजूने धनगर. हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, मग बोलणी सुरू झाली. त्यातून जे बाहेर आलं ते दोन्ही बाजूंच्या एकट्या मुलाखतींत कधीच आलं नसतं. एका कोळी बाबांनी सांगितलं की त्यांच्या आजीला बाळंतपणात तूप कुठल्या वाड्यावरून यायचं. त्याच वाड्यातल्या धनगर म्हाताऱ्याने सांगितलं, "मानमोडी झाली तवा माझा आजा ह्या वाड्यात एकटा ऱ्हायला. बाकीची समदी गेली."

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. तिचं साल ठरलेलं आहे, त्याबद्दल वाद नाही. ज्या वाड्यात मानमोडीत माणसं मेली तो वाडा १९३० च्या आधीचा, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. यानंतर सगळी नोंदवही या पद्धतीने पुन्हा तपासली: प्लेगच्या आधी की नंतर, मानमोडीच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर. प्रत्येक जोतं दोन घटनांच्या मध्ये कुठेतरी बसलं. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला यात नवं काही नाही, थरांचा आधी-नंतरचा क्रम लावायचा तोच हा हिशेब.

याच्या जोडीला कागद शोधले. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमधली घाटमाथ्यावरच्या कोळी आणि गवळी वस्तीची वर्णनं, आणि सर्वांत उपयोगी निघाला तो भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना एक इंची (एका मैलाला एक इंच) नकाशा. तो पुण्यातल्याच एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागात कपाटाच्या माथ्यावर गुंडाळून ठेवलेला होता. समासात सर्वेक्षणाचं साल १९३० च्या आधीचं, आणि धनगरवाड्याच्या जागी झोपड्यांच्या खुणा.

एका वाडग्यातली माती तपासूनही घेतली. गुरांच्या शेणा-मुतातला फॉस्फरस अशा लाल मातीतल्या लोह-अ‍ॅल्युमिनियमला धरून राहतो, वाहून जात नाही. कुंपणाच्या आतल्या मातीत तो बाहेरच्या मातीहून स्पष्टपणे जास्त निघाला. त्यातून इथे गुरं असायची हे कळलं. कधी, ते कळायची त्या चाचणीत सोय नाही.

शेवटी प्राध्यापिकांनी एक पत्र दिलं. पानभराचं. नोंदवही कोणत्या पद्धतीने केली, कुठल्या नोंदी प्रत्यक्ष पाहून आहेत आणि कुठल्या ऐकून, एवढंच त्यात होतं. वयाचा आकडा नव्हता. कार्यकर्ता नाराज झाला आणि त्याने ते लपवलं नाही.

काय झालं

कोळी कुटुंबांचे वैयक्तिक दावे मंजूर झाले. क्षेत्र मागितल्यापेक्षा कमी मिळालं, जसं बहुतेक ठिकाणी होतं. सामूहिक दावा दुसऱ्या फेरीत मान्य झाला. देवराई आणि हिरड्याची झाडं असलेला पट्टा त्यात आला.

धनगरांचे दावे उपविभागीय समितीने आधी फेटाळले. कारण लिहिलं होतं: ७५ वर्षांचा कागदोपत्री पुरावा नाही. ग्रामसभेने ६० दिवसांच्या मुदतीत जिल्हा समितीकडे अर्ज केला. त्यात नियम १३ ची कलमं एकेक करून मांडली आणि प्रत्येकासमोर नोंदवहीचं पान जोडलं. सोबत हेही की ७५ वर्षं त्याच तुकड्यावर ताबा असण्याची अट नसून जंगलात राहणं आणि त्यावर जगणं दाखवायचं असतं. वाडग्यावरून वाडग्यावर हललेल्या कुटुंबांसाठी हा मुद्दा जीवनमरणाचा होता. प्रकरण फेरतपासणीला आलं आणि जुन्या नकाशात ज्यांचे वाडे दिसतात त्या कुटुंबांचे दावे मंजूर झाले. बाकीचे प्रलंबित आहेत.

सुनावणीत कशाला किती वजन मिळालं हे बघण्यासारखं आहे. एका जोत्यावर पंचम जॉर्जच्या छापाचा पाव आणा मिळाला होता. प्राध्यापिकांना तो महत्त्वाचा वाटत होता. "नाणं काय, कालही कुणी टाकेल," म्हणून तो बाजूला गेला. कठोर वाटलं तरी म्हणणं चूक नाही; तशीही ती नाणी पुढे कित्येक वर्षं चलनात होती. मातीच्या चाचणीचा अहवाल कुणी उघडला नाही. उचलून नेता येणार नाही ते मोजलं गेलं: दगडी कुंपण, त्याच्याशी जुळणारी नकाशातली खूण, आणि पलीकडच्या समाजातल्या म्हाताऱ्याचा जबाब. हे तीन एका ठिकाणी आले तिथे दावा टिकला.

प्राध्यापिकांच्या नोकरीत या कामाची किंमत चुकवावी लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनंतर बढती एपीआयच्या, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या निर्देशांकाच्या, गुणांवर आली होती. ग्रामसभेच्या मालकीची हस्तलिखित नोंदवही कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. मुलाखतीत उत्खनन अहवालाबद्दल विचारलं गेलं. बढती पुढच्या फेरीत मिळाली, तीही जुन्या ताम्रपाषाणयुगीन कामाच्या जोरावर. सर्वेक्षणाच्या पद्धतीवरचा शोधनिबंध नंतर छापून आला. त्यात अक्षांश-रेखांश दिलेले नाहीत, कारण देवाच्या दगडाखाली गुप्तधन असतं असं समजून खणणारे या पट्ट्यात फिरतात. संपादकांशी यावरून बरीच पत्रापत्री झाली. मला यात प्राध्यापिका शंभर टक्के बरोबर वाटतात.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाचे टप्पे मागे वळून पाहिले तर आकडा नाकारण्याचा निर्णय सर्वांत अवघड वाटतो, पण तो निभावला. खरी किंमत मोजावी लागली ती सुरुवातीच्या, त्या वेळी निर्णय वाटलाच नव्हता अशा एका गोष्टीची. वर्षानुवर्षं प्राध्यापिका कोळी वाडीत उतरत, तिथलेच वाटाडे घेत. त्यांच्या डोक्यातला पठाराचा नकाशा कोळी वाडीतून दिसणारा होता. धनगरवाडा त्यात कडेला होता. सर्वेक्षण सुरू करतानाच दोन्ही वस्त्यांतली मुलं घेतली असती आणि जबाबाची अट पहिल्याच ग्रामसभेत वाचली असती, तर वाडग्यांचा वाद टळला नसता कदाचित, पण तो काम अर्ध्यावर असताना फुटला नसता.

कागद आधी आणि चालणं नंतर, हा क्रमही जास्त सोयीचा ठरला असता. जुना नकाशा हातात आला तेव्हा बहुतेक जोती मोजून झाली होती. आधी मिळाला असता तर कुठल्या वाड्यांवर जास्त वेळ द्यायचा ते कळलं असतं. दावे प्रलंबित आहेत ती कुटुंबं नेमकी नकाशातल्या कोऱ्या भागातली आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांचे जबाब घाईत घेतले गेले आणि त्यांतले दोघे आता हयात नाहीत.

पत्राबद्दल आमचं जुळत नाही. माझ्या मते त्या पानभर पत्रात एक वाक्य हवं होतं: कोळी दावेदारांकडून जुनेपणाचा पुरावा कायदा मागतच नाही. प्राध्यापिका म्हणतात, तो कायद्याचा अभिप्राय झाला, तो देण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या मते, विषयाबाहेरचं एक वाक्य लिहिलं असतं तर दोन हजार वर्षांचं वाक्य न लिहिण्याला अर्थ राहिला नसता. यातला तर्क मला कळतो. पण समितीने पहिल्या फेरीत कोळ्यांकडेही जुने कागद मागितले, आणि संस्थेच्या नावाने आलेलं ते एक वाक्य तिथे उपयोगी पडलं असतं असं मला अजूनही वाटतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. नोंदवही ग्रामसभेची, हे पहिल्या दिवशी ठरलं होतं. मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांचं काही ठरलं नव्हतं. ती प्राध्यापिकांच्या घरी हार्ड डिस्कवर आहेत. संस्थेला ती अभिलेखागारात हवी आहेत, ग्रामसभेतल्या काहींना ती परत हवी आहेत, आणि गवताच्या रानाच्या वादात एकमेकांबद्दल बोललेलं बरंच काही त्यांत आहे. ज्यांचा आवाज आहे त्या घरांना एकेक करून विचारायचं, असं सध्या चाललं आहे. धनगरवाड्यापासून सुरुवात केली आहे.